नाना, तुमच्या कोंबडीचं खरं माप

नाना,

आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी परवा घरी आले आन् म्हणाले, "तुकाराम, नानांच्या आठवणींचा अंक काढतोय. बाकीचे सगळे रडकं लिहिणार. तू जरा हसवणारं लिही." बघा, तुमी गेलात तरी माझी डूटी बदलली न्हाई. गणपतीत नाटकाचा पडदा अडकला की तुक्याला पुढं ढकला, हा तोवर माकडचाळे करील. मी हो म्हणालो. माझं शिक्षण चौथी, ती बी मास्तर कंटाळले म्हणून. अक्षर कोंबडीच्या पायाचं. तरी बसलो लिहायला. पण तुमची कुठली बी हसायची गोष्ट उचलली की तिच्याखाली तीच एक गोष्ट निघायची, जी तुमाला सांगायची राहिली. जसं मोठा दगड उचलावा आन् खाली दर वेळी तोच विंचू. मंग म्हटलं आता विंचूच लिहावा.

तुमी इथल्या रेल्वेच्या कारखान्यात हेड ड्राफ्ट्समन, मी प्याटन शॉपमधला सुतार. तुमी कागदावर काढायचं, मी त्यावरनं लाकडाचा सांचा करायचा, आन् पुढं त्या सांच्यावरनं पितळ नायतर लोखंड ओतलं जायचं. हजार माणसांत मराठी बोलणारे आपण मूठभर, त्यात मी कुर्डुवाडीचा. माझं बोलणं ऐकून तुमी पहिल्याच दिवशी म्हणालात, "जयपुरात राहून तुझी भाषा सुधारली नाही, हे बरं झालं." तिथनं मी तुमच्या घरी येऊ लागलो तो आलोच. दर रविवारी दुर्गापुऱ्याला. तुमची ती काळी विलायती गाडी धुवायला.

ती गाडी तुमी कुण्या ठाकूरसाहेबाच्या तबेल्यातनं काढलेली. गाडी कसली, कपाटाला चाकं. पण तिच्या नाकावर तो पक्षी होता. पितळेचा, वर चकाकी दिलेला, दोन्ही पंख पसरलेला, छातीजवळ एक कडं. तुमी म्हणायचात गरुड. मी म्हणायचो कोंबडी.

"तुक्या, चोच बघ. कोंबडीला असली चोच असते?"

"नाना, पळती कोंबडी समोरनं बघितलीया का कधी तुमी?"

हे भांडण तुमी जाईस्तोवर चाललं. मिटलं न्हाई. आता तुमी न्हाई म्हणून मी जिंकलो असं बी म्हणवत न्हाई.

आठवतंय, बस्सी गावाच्या पुढं गाडी बसली ती? तुमच्या मंडळी, माई, मागं बसलेल्या, मांडीवर दशम्यांचा डबा. शेवटी उंटगाडी बांधून ओढत आणलं आपल्याला. सगळ्या आग्रा रोडला माई हात हालवत होत्या, राणी मिरवणुकीला निघाल्यासारख्या. मी म्हटलं, "माई, त्या गरुडाला इचारा काय दिसतंय म्होरं." त्याच्या चोचीपुढं दीड हातावर उंटाचं बूड. माई एवढ्या हसल्या की डबा उपडा झाला. त्या दिवसापास्नं त्या पक्ष्यावर त्यांची माया बसली. दसऱ्याला तुमी गाडीला हार घालायचात, पण कुंकू माई लावायच्या, ते बी गाडीला न्हाई, पक्ष्याला. कपाळावर एक बोट. दरसाल. ते मानेच्या खाचेत उतरायचं आन् तिथंच राहायचं.

मंग माई गेल्या. पुढच्या रविवारी मी फडकं घेऊन आलो तर तुमी ओट्यावरनं म्हणालात, "तुक्या, मानेपाशी पुसू नकोस हं." बाकी काही न्हाई. तेवढंच. मी म्हटलं, "बरं." इतक्या वर्षांत तुमी मला सांगितलेलं हे एकच काम, आन् ते बी न करायचं.

तर ते मी असं केलं नाना. ऐका.

त्या साली दसरा तोंडावर आलेला. माई गेल्यावरचा दुसरा. पक्षी काळवंडलेला. माझ्या डोक्यात आलं, नानांना चकित करावं. पंख झळकवून आणू, मान सोडून. बघा, अक्कल होती, मान सोडायची अक्कल होती. शनिवारी तुमी झालान्याला शिकवायला गेलेलात. मी पक्षी खालनं खोलला, फडक्यात बांधला आन् शहरात एका पॉलिशवाल्याकडं नेला. मोटरवर कापडाचं चाक गरगरतंय. तो म्हणाला, "लाओ." मी म्हणालो, "हट भैया, मैं रेलवे का आदमी हूँ, मैं खुद करूँगा." रेल्वेचा आदमी! डावा पंख झाला. आरशासारखा. मी मान वर करून त्या माणसाकडं बघितलं, दाद मिळंल म्हणून. तेवढ्यात चाकानं पंखाचं टोक धरलं आन् माझ्या हातातनं पक्षी हिसकला. भिंतीवर जाऊन आपटला. दोन तुकडे. तो पॉलिशवाला बीडी न काढता म्हणाला, "लो भाई. उड़ गई तेरी चिड़िया."

मी तिथं बी हसलो. माझं थोबाडच तसलं हाय, कुठं काय करावं कळत न्हाई.

तुकडे मी घरी आणून पेटीत ठेवले, कपड्याखाली. आन् तुमच्याकडं येऊन तोंड पाडून सांगितलं, "नाना, चोरी झाली. पक्षी न्हाई जागंवर." तुमी खाली बसलात. ओट्याच्या पायरीवर. म्हणालात, "कोण नेईल रे? किंमत तरी काय त्याची?" तवा सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तोंडातनं आलं ते हे: "काल टायर रामजीलालकडं लावला होता न्हवं का."

म्हंजे मी चोर म्हणालो न्हाई. नुसतं टायरचं बोललो. असा हुशार मी.

रामजीलाल, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढतो तो. तुमी तसेच उठून गेलात. चहाच्या टपरीवर चार माणसं बसलेली. तुमी शिव्या दिल्या न्हाईत, तुमाला येत नव्हत्याच. तुमी नुसतं विचारलं. तो हात पुसत उभा राहिला. "बाऊजी, मैं हवा बेचता हूँ। चिड़िया का क्या करूँगा?" लोक हसले. मी बी हसलो. त्यानंतर तुमी त्याला रामराम करायचं सोडलंत, आन् तुमचं बघून गल्लीनं सोडलं.

आता झालान्याचं. तुमी रिटायर झाल्यावर तिथल्या एका संस्थेत पोरांना ड्रॉइंग शिकवायला जायचात, आन् तिथं कंप्युटर आला. साठीच्या माणसाला काय त्याचं. पण तुमी त्या पोरांच्या बाजूला बसून शिकलात. मला म्हणालात, "तुक्या, पेन्सिल नाही, रबर नाही. आकडा द्यायचा, रेघ येते. ह्याच्यात मी आपला गरुड काढणार. मग तू सांचा कर, पितळेत ओतू. कुंकवाला जागा तर पाहिजे ना."

कुंकवाला जागा, म्हणालात.

रविवारी सकाळी सगळं जयपूर टीव्हीपुढं बसायचं, रस्त्यावर कुत्रं न्हाई. तवा आपण ती गाडी, नाक कापलेली, घेऊन झालान्याला जायचो. पहिल्या दिवशी त्या खोलीबाहेर चपला काढल्या, आत थंडगार, काचेमागं ती कंप्युटरची पेटी गुणगुणतीया. मी हात जोडले. तुमी म्हणालात, "देवळात आलायस का?" मी म्हटलं, "चपला काढायला लावल्या की माझे हात आपोआप जुळत्यात." काळ्या पडद्यावर पांढरी रेघ. एक कडं काढलंत, तर केवढा वेळ ती पेटी विचार करत बसली. तेवढ्यात मी चहा आणला, तुमी प्यालात, मंग कडं आलं. मी म्हटलं, "नाना, एवढ्यात मी लाकडात तीन केली असती." तुमी म्हणालात, "केली असतीस. तिन्ही वेगळी."

हे आपलं दुसरं भांडण. तुमी म्हणायचात, मशीन खोटं बोलत नाही. मी म्हणायचो, न बोलू द्या, बोलणारा समोर बसलाय की.

माझ्याच तोंडानं म्हणायचो हे.

तुमच्याकडं पक्ष्याचा धड फोटो नव्हता. बस्सीचा एक होता, त्यात निम्मा उंट. मंग तुमी मला विचारायला लागलात. "अकरा वर्षं पुसलास. सांग, पंखांची लांबी, टोकापासून टोकापर्यंत, किती असेल?" मी म्हटलं, "आठवून सांगतो पुढच्या रविवारी." आन् घरी येऊन दार लावून पेटी उघडली, तुकडे जुळवले, पट्टी काढली आन् मोजलं. पुढच्या रविवारी डोळे मिटून, कपाळावर बोट लावून सांगितलं, "सात इंच आन् वर सात सूत. लिहून घ्या." तुमी लिहून घेतलंत, आठ इंचाला एक सूत कमी. असे चार महिने. पिसं किती, सहा. लिहून घ्या. तिसऱ्या पिसापास्नं पलीकडच्या तिसऱ्या पिसापर्यंत, चाराला इंचाचा सोळावा हिस्सा कमी. लिहून घ्या. बायको म्हणायची, "दर शनवारी दार लावून पेटीत काय बघता? सवत हाय का आत?" मी म्हटलं, "कोंबडी हाय." ती म्हणाली, "मतलब सवतच."

आन् तवाच मला दिसलं. पॉलिश फक्त डाव्या पंखाला झालं होतं. मान, डोकं, उजवा पंख, ते सगळं दुसऱ्या तुकड्यावर. त्या तुकड्याला चाक लागलंच नव्हतं. मानेच्या खाचेत माईंचं कुंकू जसंच्या तसं होतं. वाळून काळपट झालेलं, पण कुंकूच.

नाना, मी ते बघितलं, आन् पेटी बंद केली.

तुमी एक पंख काढलात, मंग मशीननं त्यावरनं दुसरा आपोआप उलटा करून दिला. तुमी पोरासारखे टाळ्या वाजवल्यात. "बघ, एकावरून दुसरा!" माझ्या पेटीत दोन्ही होते. गणपतीत स्टेजवर माझा हात धरून तुमी सगळ्यांना सांगितलंत, "ह्या माणसाची स्मरणशक्ती बघा, सूत सूत आठवतं ह्याला." लोकांनी टाळ्या दिल्या. मी वाकून वाकून नमस्कार केले. त्या टाळ्या अजून कानात हाएत, जसा कानात डास.

मंग तो रविवार. बॉनेटवरची दोन भोकं तुमी स्वतः मोजलेली, चार इंच अंतर, केसभर इकडंतिकडं न्हाई. खुंट्या तिसऱ्या पिसाखाली, हे मीच सांगितलेलं. पडद्यावर तुमी भोकं ठेवलीत आन् त्यावर पक्षी ठेवलात. बसंना. सोळावा हिस्सा कमी. तुमी म्हणालात, "विलायतेतला माणूस पंख आठ इंच ठेवेल. सात आणि सात सूत कशाला ठेवेल?" मी म्हटलं, "गरीब असंल." तुमी कागदावर भागाकार केलात. मंग एक आकडा दाबलात. सगळा पक्षी चौसष्टाव्या हिश्श्यानं वाढवलात. पेटीनं विचार केला, आन् पक्षी भोकांवर जाऊन बसला. पंख पुरे आठ. कडं पुरं. सगळंच पुरं.

मी म्हटलं, "वा! मशीन चुकलं होतं तर."

तुमी कागदावरचा भागाकार परत एकदा बघितलात. म्हणालात, "मशीन नाही चुकलं. त्याला जे सांगितलं तेच ते दाखवत होतं." मंग माझ्याकडं न बघता, "तुक्या, आठवण कुठल्या पट्टीनं मोजतोस रे तू?"

मी म्हटलं, "अंदाजपट्टीनं!" आन् हसलो. तुमी हसला न्हाईत.

जे प्याटन शॉपात कधी गेले न्हाईत त्यांच्यासाठी सांगतो. पितळ ओतलं की थंड होताना आकसतं. म्हणून लाकडाचा सांचा जरा मोठा करायचा. दर वेळी कोण मोजत बसंल, म्हणून सांचेवाल्याची पट्टीच वेगळी असती, तिच्यावरचा इंच जरासा लांब. पितळेच्या पट्टीवर चौसष्टाव्या हिश्श्यानं लांब. सांचा करायला ती पट्टी देव. पण तयार वस्तू तिनं मोजली तर माप कमी दावती. चौसष्टाव्या हिश्श्यानं कमी. माझ्या घरात दुसरी पट्टीच नव्हती. बावीस वर्षं मी त्या चौसष्टाव्या हिश्श्यावर पगार खाल्ला, आन् तो समोर पडद्यावर येऊन उभा राहिला तर वळखला न्हाई. माणसाची आठवण चुकली तर इथं जास्त, तिथं कमी अशी चुकती. सगळीकडं एकाच हिश्श्यानं फक्त पट्टी चुकती. हे तुमाला त्या मिनिटात कळलं. मला कळायला तुमाला जावं लागलं.

मंग ते दुसरं मशीन. स्वतः पेन उचलून कागदावर पक्षी काढायचं, रेघ न थरथरता. तो कागद घेऊन मी तुमच्या ओट्यावर सांचा कोरला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. पिशवीतनं माझी पट्टी काढली तर तुमी म्हणालात, "आण बघू." तुमी ती तुमच्या पट्टीशेजारी धरलीत. दोन्हीकडं बघितलंत. परत दिलीत. पुढच्या रविवारी मला एक नवी स्टीलची पट्टी दिलीत. "ही घरी ठेव. हिच्यावर इंच म्हणजे इंच." मी बायकोला सांगितलं, नानांनी बक्षीस दिलं. भिंतीला खिळा मारून टांगली. दोन वर्षं टांगली होती. एकदा बी मोजलं न्हाई तिनं काही.

नवा पक्षी बसला. दसरा आला. मी म्हटलं, कुंकू ताई लावतील, तुमची लेक, माहेरी सुट्टीला आल्यात. तुमी म्हणालात, "नाही. तू लाव." मी लावलं ते कुंकू कपाळाच्या ऐवजी चोचीवर लागलं. तुमी शेजारी उभे. हळूच म्हणालात, "तुक्या, जुना कधी सापडला ना, तर मला चालेल हं. मोडका असला तरी."

मोडका असला तरी.

ह्याच्यापेक्षा दार आणखी किती उघडं ठेवायचं माणसानं? आन् मी काय म्हणालो? मी म्हणालो, "सापडला तर दोन कोंबड्या होतील नाना, अंडी घालतील." तुमी मान हलवलीत. "बरं," म्हणालात. आन् घरात गेलात.

त्यानंतर रविवार किती आले. तुमी परत इचारलं न्हाई.

तुमचं तेरावं झालं आन् मी रामजीलालकडं गेलो. म्हटलं, निदान एकाजवळ तरी तोंड उघडू. तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होता. मी सांगितलं. पक्षी चोरी गेला नव्हता, मी मोडला, तुझं नाव मी घातलं.

तो बुडबुड्यांकडंच बघत म्हणाला, "बाऊजी तो कुछ और बोल के गए थे।"

"क्या?"

"दो साल पहले आए। यहीं, सबके सामने। हाथ जोड़े। बोले, रामजी, चिड़िया मेरे ही हाथ से टूटी थी, शरम के मारे मैंने छुपाई, माफ कर दे।"

ज्या माणसानं सोळावा हिस्सा कधी सोडला न्हाई, त्यानं माझ्यासाठी, भर टपरीवर, आख्खं खोटं सांगितलं.

मी तिथंच बसलो, टायरवर. रामजीलालनं ट्यूब पुसली, ठिगळ घासलं. मंग म्हणाला, "साल भर मेरी घरवाली पीछे वाली गली से पानी लाई। सामने से नहीं निकलती थी।" मी काही तरी विनोद करंन म्हणून तोंड उघडलं असंल, सवय. त्यानं पंप माझ्याकडं सरकवला. "बोल मत। हवा भर।"

मी भरली. दम लागंपर्यंत भरली.

नाना, माफी मागावी तर ती तुमी आधीच माझ्या वाटची मागून ठेवलीत. आता मी कुणाला काय मागू? तुमी मला चोर म्हणला असता तर मी दोन दिवस तोंड लपवलं असतं आन् तिसऱ्या दिवशी हसलो असतो. तुमी पट्टी दिलीत. माईंचं कुंकू दोन मैलांवर एका सुताराच्या पेटीत हाय, हे तुमी वळखलं असंल, आन् तरी वाट बघितलीत, की हा स्वतः आणंल. मी आणलं न्हाई. घाबरलो म्हणून न्हाई. पहिल्यांदा घाबरलो. नंतर टाळ्यांची चटक लागली.

हा कागद शनिवारी मंडळात वाचायचा हाय. सेक्रेटरी म्हणतात, लोक तुझ्याकडनं हसायची वाट बघतील. बघू देत. ताई पुढच्या रांगेत असतील. माझ्या पिशवीत दोन्ही तुकडे असतील, कुंकवाचा वेगळा, माझ्या बायकोच्या हळदीकुंकवाच्या डब्यात. वाचून झालं की ते ताईंच्या हातात देणार. त्यांनी काय करायचं ते त्यांनी करावं. माझ्या तोंडावर तुकडा मारला तरी चालंल, तो तेवढा जड हाय.

काल भिंतीवरची पट्टी काढली. दुपारी, दार उघडं ठेवून, बायकोसमोर. तुकडे जुळवले आन् मोजले. पंखाच्या टोकापास्नं टोकापर्यंत आठ इंच. मधी मोडलेल्या जागी जरा फट राहती, ती बी मोजली. आठ इंच, आन् वर ती फट. हे खरं माप हाय, नाना.

लिहून घ्या.